ऐकणाऱ्या बाई

१

नवरा चष्म्याच्या दुकानावर गेला, ओटा पुसून झाला, की ताई मागच्या खोलीत जाऊन बसायची. टीममधले सगळे तिला ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. खोली तशी बेताचीच. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि भिंतीवरून खाली गेलेला पाण्याचा पाइप. टेबलावर लॅपटॉप, मागे पुस्तकांची मांडणी, आणि मांडणीला टेकून एक वेताची खुर्ची, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली. पाहुणे त्या खोलीत कधी येत नसत, त्यामुळे खुर्चीवर बहुधा धुतलेले कपडे पडलेले असायचे. मीटिंगमध्ये बरं दिसत नाही म्हणून ताई रोज ते उचलून आत टाकायची आणि खुर्ची मोकळी करायची.

लहान मुलांसाठी कृत्रिम हात बनवणाऱ्या एका कंपनीत ती काम करायची. कंपनीनं ऑफिस बंद केलं, माणसं आपापल्या गावी पांगली, आणि एका हातावर राबणारी चार डोकी चार ठिकाणी जाऊन बसली. ताई त्यांची प्रमुख. हाताचे सांधे आखणारी डिझायनर एकीकडे. आतल्या मोटारी आणि त्यांचा प्रोग्राम बघणारे गृहस्थ दुसरीकडे. ते इतकं कमी बोलत की त्यांचं नाव मौनीबाबा पडलं होतं, आणि त्यांनी त्यालाही कधी हरकत घेतली नव्हती. चौथे मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मुलांना नवा हात वापरायला शिकवत.

सुरुवातीला मीटिंगांचा नुसता बट्ट्याबोळ व्हायचा. दोघं एकदम बोलायचे, मग दोघंही एकदम थांबायचे. मास्तर माइक बंद ठेवून लांबलचक भाषण करायचे आणि शेवटी विचारायचे, "पटतंय ना?" ताई चिकाटीची. तिनं हळूहळू घडी बसवली. कॅमेरा सगळ्यांनी चालू ठेवायचा. प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं. रेकॉर्डिंग करायचं नाही, कारण ते चालू असलं की माणूस तोलून मापून बोलतो. स्वतःचा चेहरा स्वतःच्या पडद्यावरून लपवून ठेवायचा. नाहीतर मी अर्धा वेळ केसच सारखे करत बसेन, असं ती म्हणायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शेवटी "आणखी कुणाला काही?" असं विचारून लगेच निरोप घ्यायचा नाही. थांबायचं. अवघड वाटेपर्यंत थांबायचं. मनातलं बोलायला माणसाला जागा लागते, तेवढी ठेवायची.

त्या शांततेत आतल्या फ्रिजची घरघर ऐकू यायची, पाइपातून पाणी उतरायचं. बहुतेक वेळा कुणी काही बोलत नसे. पण मग बोलायला लागले. आधी एखादं वाक्य, मग पोटातलं. ताईला मनातून फार बरं वाटलं.

अशाच एका मीटिंगनंतर मास्तरांनी निरोप घेताना हात जोडले. "येतो, ताई. आईंनाही नमस्कार सांगा."

ताईची आई भावाकडे, पार दुसऱ्या टोकाला राहायची. म्हातारा माणूस आपुलकीनं म्हणतोय, असं समजून ताई म्हणाली, "सांगते हं."

२

पुढं कधीतरी डिझायनरनं विचारलं. दोघीच होत्या, काम संपलं होतं.

"ताई, रागावणार नसलात तर एक विचारू? त्या तुमच्या सासूबाई ना?"

"कोण गं?"

"मागं बसतात त्या. आम्ही सगळे म्हणत होतो, आपण तरी ओळख करून घ्यायला हवी होती. रोज येऊन बसतात बिचाऱ्या, आणि किती छान ऐकतात."

ताईनं वळून पाहिलं. वेताची खुर्ची रिकामी होती. सासूबाई जाऊन तर बरीच वर्षं झाली होती.

"मांडणीची सावली पडत असेल," ती म्हणाली. डिझायनर हसली, पण तिची नजर ताईच्या खांद्यावरून जराही हलली नाही.

मीटिंग बंद झाल्यावर ताईनं स्वतःचं चित्र चालू केलं. आपला चेहरा पाहून तिला नेहमीसारखं कानकोंडं झालं. मागची खोली धूसर होती, कारण कपडे उचलूनही उरलेला घरचा पसारा दिसू नये म्हणून तिनं तशी सोय करून ठेवली होती. माणूस तेवढा स्पष्ट, बाकी सगळं पुसट. पुस्तकं पुसट होती, भिंत पुसट होती. खुर्ची मात्र लख्ख दिसत होती. वेताची वीण न् वीण मोजून घ्यावी अशी.

तिनं मौनीबाबांना निरोप पाठवून कारण विचारलं. उत्तर त्यांच्या स्वभावाप्रमाणे आलं. "सॉफ्टवेअरला ती माणूस वाटते. होतं असं."

ताईला हायसं वाटलं. खुर्चीला पाठ असते, हात असतात. यंत्राची गफलत होणारच. रात्री जेवताना तिनं ही गंमत नवऱ्याला सांगितली.

"माझ्या दुकानात लोक रोज येतात," नवरा म्हणाला, "नसलेलं दिसतं म्हणून नाही, असलेलं दिसत नाही म्हणून. तुझ्या टीमला पाठव माझ्याकडे, सवलत देतो."

दोघंही हसले. पण दुसऱ्या दिवशी ताई खुर्चीवरचे कपडे उचलायला गेली. खुर्ची मोकळी करताना आपण कुणाला तरी जागा करून देतोय, असं तिला उगीचच वाटून गेलं.

३

मीटिंगा आता अशा होऊ लागल्या की मोठ्या साहेबांनी मुद्दाम फोन करून कौतुक केलं. वादावादी नाही, रुसवेफुगवे नाहीत, काम वेळेत. "काय जादू केलीत हो?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "काही नाही साहेब, फक्त थांबते."

आठवड्यातून एकदा ती प्रत्येकाशी वेगळं बोलायची. मौनीबाबांची पाळी म्हणजे शिक्षाच असे. "सगळं ठीक?" "ठीक." "काही अडचण?" "नाही." त्या दिवशी मात्र ते काहीतरी बोलायच्या बेतात होते. ओठ हलत होते. ताई थांबली. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"एक मिनिट हं," म्हणून ती उठली. दारात पार्सल घेऊन आलेला माणूस होता. सही करता करता तिला मागच्या खोलीतून आवाज ऐकू आला. मौनीबाबांचा आवाज. हळू, सलग, न थांबता. शब्द कळत नव्हते. एवढं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना कुणाचा फोन आला असेल, असं तिला वाटलं, आणि आपण मध्येच जाऊ नये म्हणून ती पार्सल हातात धरून बोळात उभी राहिली. आवाज मध्ये थोडा थांबायचा, कुणी मान डोलवायची वाट पाहावी तसा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

ती परत आली तेव्हा ते डोळे पुसत होते.

"बोललो शेवटी," ते म्हणाले. "फार दिवसांचं होतं. हलकं वाटतंय."

ताईनं मागं पाहिलं नाही. आपण इतके दिवस खपलो आणि हा माणूस आपण नसताना बोलला, याचा तिला बारीकसा हेवा वाटला. काय बोललात, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. तिनं विचारलं नाही.

४

हात तयार होत आला होता. कारखान्यात पहिली खेप काढायची तारीख ठरली. आधीच्या आठवड्यात, त्या शेवटच्या शांततेत, डिझायनर बोलली होती. ताईला शब्दन् शब्द आठवत होता. अंगठ्याचा सांधा तिला झोपू देत नव्हता. घट्ट पकड केली की कधी कधी अंगठा सुटतच नाही. सायकलचं हँडल धरलेल्या मुलाला पडताना हात सोडवता आला नाही तर? ताईनं तिला म्हटलं होतं, पुढच्या मीटिंगमध्ये हाच विषय आधी घेऊ.

पुढच्या मीटिंगमध्ये ताईनं तो घेतला.

"अंगठ्याचं काय?" डिझायनरनं विचारलं. चेहरा अगदी स्वच्छ.

"तो सुटत नाही म्हणालीस ना?"

"मी? नाही हो ताई. सांधा उत्तम झालाय."

ताईला वाटलं, ही घाबरली असेल, मोठे साहेब काही बोलले असतील. मीटिंगनंतर तिनं मास्तरांना विचारलं. "तुम्हीही होतात की. ती काय म्हणाली होती?"

मास्तर विचारात पडले. "काहीतरी म्हणाली होती खरी. पण माझं लक्ष त्यांच्याकडे होतं."

"कुणाकडे?"

"तुमच्या आईंकडे," मास्तर म्हणाले. "त्या ऐकत असल्या की त्यांच्याकडेच बघावंसं वाटतं."

मग ताईला मास्तरांचंच एक आठवलं. बायको गेल्यापासून रोज सकाळी चुकून दोन कप मांडतो, आणि मग एक परत ठेवताना फार वेळ लागतो, असं ते त्या शांततेत म्हणाले होते. म्हणताना रडले होते.

"मास्तर, ते दोन कपांचं आता कसं आहे?" तिनं हळूच विचारलं.

"कोणते दोन कप?" मास्तरांनी प्रसन्नपणे विचारलं. "मी एकटाच तर असतो."

५

तिनं खुर्ची खोलीबाहेर काढली. नवऱ्याला म्हणाली, पाय डुगडुगतोय. नवऱ्यानं ती हलवून पाहिली. "चारी पाय ठणठणीत आहेत," तो म्हणाला.

सकाळी मीटिंग सुरू झाली. ताईनं एकेकाला विचारलं. कामाचं बोलणं झालं. ते तिघं उत्तरं देत होते, पण त्यांच्या नजरा आज जरा वरच्या बाजूला होत्या, ताईच्या डोक्याच्याही वर. डिझायनर अस्वस्थ दिसत होती. शेवटी न राहवून ती म्हणाली, "ताई, आज त्यांना बसायला नाही दिलंत?"

मास्तरही म्हणाले, "वयस्कर आहेत हो. किती वेळ उभ्या राहतील?"

ताईच्या मानेवर कुणी श्वास सोडला वगैरे काही झालं नाही. खोलीत होता तसाच उजेड होता. पाइपातून पाणी उतरत होतं. ती उठली, बाहेर गेली, खुर्ची उचलून आणली आणि होती त्या जागी ठेवली. आपण हे का करतोय ते तिला कळत नव्हतं. पण तिघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला तेव्हा तिलाही बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्या दिवशी शेवटी ती थांबली नाही. "चला, भेटू," म्हणून तिनं झटकन लॅपटॉप मिटला.

६

लॅपटॉप त्या खोलीत तसाच ठेवून ताईनं दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात बसून तिनं डिझायनरला साधा फोन लावला.

"तुझ्याकडे नमुन्याचा हात आहे ना? आण."

"आणला."

"त्याला काहीतरी घट्ट धरायला दे. पेला दे, लाटणं दे, काहीही. आता सोडायला लाव. पुन्हा धर. पुन्हा सोड. मी फोनवर आहे."

पलीकडून मोटारीची बारीक कुरकुर येत राहिली. उघड, मीट, उघड, मीट. मग एकदा नुसतीच कुरकुर झाली आणि थांबली.

"सुटत नाहीये," डिझायनर म्हणाली. "ताई, हे मला आधी दिसलं होतं?"

"तूच सांगितलं होतंस मला."

"मला आठवत नाही. अजिबात नाही." तिचा श्वास ऐकू येत होता. "मी आणखी काय काय बोलले हो त्या मीटिंगांत?"

ताईनं पहिली खेप थांबवली. मोठे साहेब तापले, तारखा पुढं गेल्या, तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं. आणि मग रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून एकेकाला फोन करून, त्या शांततेत बोलून त्यांनी गमावलेलं त्यांचं त्यांना परत देऊ लागली. आपलं स्वतःचं सगळं शाबूत आहे, कारण आपण त्या खुर्चीसमोर मनातलं कधी काही बोललोच नाही, आपण फक्त इतरांना बोलतं केलं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. डिझायनरला तिनं तिच्या भावाशी झालेल्या अबोल्याबद्दल सांगितलं. मास्तरांना दोन कपांबद्दल सांगायला तिची जीभ रेटेना, पण सांगितलं. मास्तरांनी फोन ठेवला नाही. खूप वेळानं त्यांच्याकडे फडताळ उघडल्याचा आवाज आला, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज आला.

"बरं केलंत," ते म्हणाले. आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "मला वाटत होतं, मी बरा झालोय."

७

राहिले मौनीबाबा. त्यांनीच फोन केला. ते आपणहून फोन करण्याची ही पहिलीच वेळ.

"इतरांना तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "माझं?"

"तुमचं मी ऐकलंच नाही. मी दारात होते हो. आवाज आला, शब्द नाही कळले."

पलीकडे शांतता. ताईला त्या शांततेत बसवेना.

"काय होतंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

"माझ्या घरात एका खोलीला कुलूप आहे," मौनीबाबा म्हणाले. ते सावकाश, एकेक शब्द तपासून बोलत होते. "मीच लावलेलं असणार, किल्ली माझ्याच खिशात असते. का लावलंय, आठवत नाही. आत काय आहे, आठवत नाही. उघडायला काही वाटत नाही मला. सकाळपासून किल्ली हातात घेऊन दारासमोर उभा आहे, आणि काहीच वाटत नाही. म्हणून उघडत नाहीये. इथं काहीतरी वाटायला हवं, एवढं मला कळतं."

"उघडू नका," ताई म्हणाली. "कुणाला तरी बोलावून घ्या आधी."

"कुणाला बोलावू? कोण कोण होतं माझं, तेही नीट..." ते थांबले. "ताई, एकच जण आहे जिनं ऐकलंय. तिला विचारा ना."

ताईनं नाही म्हटलं. मग तासभर ती घरात इकडून तिकडे फिरली. नवऱ्याला फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण त्याला सांगणार काय? बाहेर लख्ख ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवत होतं. भरदुपारी आपल्याच घरातल्या खोलीत जायला कसली आलीये भीती, असं तिनं स्वतःला बजावलं. शिवाय आपण काही सांगणार नाही, फक्त विचारणार आहोत. प्रश्न म्हणजे काही मनातलं गुपित नव्हे.

तिनं दार उघडलं. खोलीत बंद हवेचा वास होता. ती खुर्चीकडे न बघता टेबलाशी बसली, लॅपटॉप उघडला, कॅमेरा चालू केला आणि स्वतःचं चित्र पडद्यावर घेतलं.

पुस्तकं पुसट, भिंत पुसट. तिच्या खांद्यामागे वेताच्या खुर्चीचा एक हात स्पष्ट, आणि त्यावर एक पंजा, सैल सोडलेला, बायकी. गुडघ्यांवर ओढून घेतलेलं फिकट लुगडं. त्यापलीकडे काही दिसत नव्हतं, कारण ताईचं स्वतःचं डोकं आड येत होतं. तिनं मान जरा डावीकडे कलवली. मागची बाईही तिच्याबरोबर डावीकडे कलली. लपायला नव्हे. कमी ऐकू येणारं माणूस कान जवळ आणतं, तशी.

ताईला वाटलं होतं आपण किंचाळू. तसं काहीच झालं नाही. इतकं लक्ष देऊन तिचं कधी कुणी ऐकलं नव्हतं, नवऱ्यानं नाही, आईनं नाही. खोलीतला प्रत्येक आवाज बाजूला सरून तिच्यासाठी जागा झाली होती. फ्रिजसुद्धा थांबला होता.

"आमचे एक मौनीबाबा आहेत," ती म्हणाली. सांगितल्याशिवाय विचारणार कसं? म्हणून तिनं सगळं नीट सांगितलं. ती दारात असताना ते काय बोलले ते हवंय, हे सांगितलं. कुलपाचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, ते दारासमोर उभे आहेत आणि त्यांना काहीच वाटत नाही, हेही सांगितलं. बोलता बोलता तिचे खांदे सैल झाले. सांगून संपलं तेव्हा तिला झोपून उठल्यासारखं वाटत होतं. उत्तराची वाट पाहायची होती का, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि गेलं. तिनं लॅपटॉप मिटला, खिडकी उघडली, खोलीत थोडी हवा घेतली.

स्वयंपाकघरात फोन वाजत होता. ती गेली तोवर दोनदा वाजून थांबला होता, पुन्हा वाजायला लागला.

"विचारलंत?" मौनीबाबांनी विचारलं. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. त्यांच्या मागं कुठंतरी लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाजत होतं.

"काय विचारायचं होतं?" ताई म्हणाली.

पलीकडचा आवाज थांबला.

"कुलपाचं," ते म्हणाले. "ताई, कुलपाचं."

ताईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला, स्टूल ओढून बसली आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "कसलं कुलूप?"